अनीच्या पडक्या चर्चवरचे शिलालेख: कोणी पाहिलेत का? अर्ध्या दिवसात काय चुकवू नये?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आईबाबांना घेऊन तुर्कस्तानला जायचं ठरतंय. इस्तंबूल आणि कॅपाडोकिया त्यांच्या आवडीचं, पूर्वेच्या टोकाचं कार्स माझ्या हट्टाचं. कार्सपासून साधारण ४५ किलोमीटरवर अनी आहे. ९६१ साली बग्रातुनी घराण्यातल्या तिसऱ्या अशोटने आर्मेनियाची राजधानी इथे आणली. १०४५मध्ये शहर बायझंटाइन साम्राज्याकडे गेलं, १०६४मध्ये सेल्जुक सुलतान आल्प अर्सलानने जिंकलं, ११९९मध्ये जॉर्जियाच्या तामार राणीच्या सरदारांच्या हाती आलं, १२३६मध्ये मंगोल आले. १३१९च्या भूकंपाने कथेड्रलचा घुमट पाडला आणि पुढे हळूहळू वस्ती उठत गेली. आता अखुर्यान नदीच्या कड्यावर तटबंदी आणि मोडकी चर्चं उरलीत. नदीपलीकडे आजचा आर्मेनिया.

यूट्यूबवर अनीचे जेवढे व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत तेच: ड्रोन, धुकं, मागे बासरी आणि 'भुतांचं शहर'. मला हे अजिबात पटत नाही. या चर्चच्या भिंतींवर बाहेरून पुरुषभर उंचीचे लेख कोरलेत. कोणी बांधलं, पैसा कुठून आला, कोणती शेतं आणि दुकानं चर्चला लावून दिली, सगळं लिहिलंय. कडेकपारीतला नुसता देखावा म्हणून हे शहर बघून परत येणं मला अपुरं वाटतं.

तर दोन प्रश्न. अर्धा दिवस हातात असेल तर कोणते लेख बघायचेच? आणि पडझडीतून व कोरीव लेखांतूनच माहीत झालेली अशी मध्ययुगीन चर्चं, मठ तुम्ही आणखी कुठे पाहिलेत?

नुसता_वाचक

वाचतोय. पण ताई, आर्मेनियन लिपी येत नसेल तर लेख आणि नक्षी यांत आपल्याला काय फरक कळणार?

अवंती_म्युनिक

मंजिरी, जाच! मी नवऱ्याबरोबर अंकाराहून रेल्वेने कार्सला गेले होते. चोवीस तासांच्या वर लागतात, आईबाबांना त्यापेक्षा विमान बरं.

@नुसता_वाचक, लिपी येत नसली तरी काय लिहिलंय हे आधी माहीत असेल तर समोर उभं राहण्यात फार फरक पडतो. तिग्रान होनेन्त्स याचं चर्च घ्या. नदीच्या बाजूला उतारावर आहे, आत जमिनीपासून वरपर्यंत चित्रं रंगवलेली. पर्यटक सरळ आत शिरतात, फोटो काढतात, निघतात. मुख्य ऐवज बाहेरच्या भिंतीवर आहे. लांबलचक लेख, साल आर्मेनियन कालगणनेचं ६६४. त्यात ५५१ मिळवायचे, म्हणजे १२१५. आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नाहीत, अक्षरंच आकड्यांचं काम करतात.

हा तिग्रान राजा नव्हे, सरदारही नव्हे. व्यापारी. तो लेखात सांगतो की ही जागा आधी कडेकपारीची, झुडपांनी भरलेली होती, ती मी माझ्या कमाईच्या पैशाने मालकांकडून विकत घेतली, भोवती तट घातला आणि चर्च बांधलं. त्यानंतर येते ती यादी: गावं आणि गावांतले हिस्से, गिरण्या, तेलाचे घाणे, दुकानं, बागा, स्नानगृह, मुक्कामाची जागा. कुठला पूर्ण मालकीचा, कुठला अर्धा, हेसुद्धा. आठशे वर्षांपूर्वीच्या एका श्रीमंत माणसाची मालमत्ता आपण उन्हात उभं राहून वाचू शकतो. मी तिथे अनुवादाची प्रत हातात धरून एकेक ओळ बोटाने मोजत बसले होते (भिंतीला हात न लावता!) आणि मला अजून कुठलंही चर्च इतकं जवळचं वाटलेलं नाही.

पंढरीचा_वाटसरू

वा, अवंतीताई! हे वाचून पहिल्यांदा पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख आठवला. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७. विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिलं याची जंत्री, त्यात रामदेवराव यादव आणि हेमाडपंत आहेत आणि साधी माणसंही आहेत. तिग्रानच्या लेखानंतर साठेक वर्षांतला. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन ठिकाणी माणसं तोच मार्ग काढतात: दान दिलं की ते दगडावर चढवायचं, म्हणजे उद्याचा पुजारी किंवा आजचा नातू ते हडप करू शकणार नाही.

आता शापाचं सांगतो. आपल्याकडे शिलाहार आणि यादवांच्या काळात गधेगाळ कोरायचे, ते बहुतेकांनी पाहिले असतील. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी, चित्रासकट. आर्मेनियन दानलेखांच्या शेवटीही शाप असतो. जो कोणी यात आडवा येईल त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो! हे ३१८ म्हणजे ३२५ साली निकिया इथे भरलेल्या धर्मसभेचे बिशप. तिग्रानच्या लेखातही ते हजर आहेत.

मला यात दोन्हीकडच्या लोकांची खरी काळजी दिसते. शाप देणाऱ्याला ठाऊक असतं की आपण मेल्यावर कोर्ट, राजा, मुलंबाळं यांपैकी कुणाचाच भरवसा नाही.

ललित_ना

३१८ बिशप एकदम अंगावर आले तर जमीन लाटणारा कोण टिकतो! आमच्या सोसायटीच्या पार्किंगला असा एक लेख लावायला हवा.

चिरेबंदी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणून एक मुद्दा मांडतो, कारण मूळ प्रश्नाला तो लागू आहे.

अनीची चर्चं सबंध दगडाची नाहीत. आत दगडगोटे आणि चुन्याची भर, बाहेरून आणि आतून घडीव टफ दगडाचं अस्तर. टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, हलका, कापायला सोपा, तांबूस आणि काळ्या छटांचा. कोरीव काम त्यावर सुरेख उतरतं. पण सगळे लेख या अस्तरावर आहेत. भूकंप झाला की अस्तर सुटतं. वस्ती उठली की घरं बांधायला लोक हेच तयार चिरे नेतात. भर तशीच उभी राहते, म्हणून लांबून वाटतं की इमारत बऱ्यापैकी शाबूत आहे. प्रत्यक्षात तिची वाचा गेलेली असते. पडक्या चर्चमध्ये सर्वांत आधी नष्ट होतो तो शिलालेख, आणि हे पैसे देणाऱ्या संस्थांना समजावताना फार दमछाक होते.

म्हणून माझं मत: घुमट पुन्हा चढवण्याआधी उरलेला प्रत्येक अक्षरांचा चिरा जागेवर पक्का करा, पडलेले चिरे शोधून नोंदवा. निकोलाय मार यांनी १८९२पासून अनीत उत्खनन केलं, मशिदीत संग्रहालय उभारलं. ओर्बेली यांनी जमवलेला अनीच्या लेखांचा संग्रह १९६६ साली येरेवानला छापून आला. त्यातले काही लेख आज फक्त त्या पानांवर आहेत. गागिक राजाचं गोल चर्च मार यांनी खणलं तेव्हा हातात चर्चची प्रतिकृती धरलेला राजाचा पूर्णाकृती पुतळा निघाला होता. पुढच्या धामधुमीत तो नाहीसा झाला, आपल्याला दिसतो तो फोटोतच.

शेखर_पनवेल

चिरेबंदी, आदर ठेवून असहमत. तुम्ही म्हणता तसं केलं तर सामान्य माणसाला काय दिसणार? ढिगारा आणि पाटी. रिडीमर चर्चचं बघा, त्यांच्या भाषेत सुर्ब प्रकिच. १९५७च्या वादळात अर्धं कोसळलं, उरलेलं अर्धं मधोमध चिरल्यासारखं उभं. ते तसंच ठेवायचं? फोटो आहेत, मोजमापं आहेत, दगड तिथेच पडलेत. उभारा की परत. लोक येतील, तिकिटाचा पैसा येईल, त्यातून लेखही जपले जातील. लोकांना डोळ्यांनी पूर्ण इमारत दिसली तरच त्यांना तिच्याबद्दल माया वाटते, हे रायगडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा.

चिरेबंदी

शेखर, माया वाटायला हवी हे शंभर टक्के मान्य. पण अनीतच उलटा अनुभव आहे. १९९०च्या दशकात तटबंदीचा काही भाग आणि वायव्य टोकाचा राजवाडा नव्या दगडाने बांधून काढला. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे पुसून गेलं, जगभरातून टीका झाली. रिडीमरला मात्र नंतर आधार देऊन उरलेला भाग स्थिर करण्याचं काम झालं, आणि तेच योग्य झालं.

तुमच्या लाडक्या रिडीमरवरच काय लिहिलंय ते सांगतो. अबलघरीब नावाच्या सरदाराने हे चर्च १०३५च्या सुमारास बांधलं. बाहेरून १९ बाजू, आत आठ कोनाडे. लेखात तो म्हणतो की राजाचं पत्र घेऊन मी कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाकडे गेलो आणि पुष्कळ खटपट व खर्च करून येशूच्या क्रूसाचा तुकडा आणला, त्यासाठी ही वास्तू. त्याच भिंतीवर पुढच्या पिढ्यांनी भर घातली: १२९१मध्ये घंटाघर, १३४२मध्ये घुमटाची दुरुस्ती. म्हणजे तीनशे वर्षांचा जमाखर्च एका इमारतीवर. हा लेख ज्या चिऱ्यांवर आहे ते आधी वाचवू की पडलेली बाजू नव्याने बांधू? पैसा एकाच कामापुरता असतो तेव्हा मी पहिलं निवडतो.

शेखर_पनवेल

दुरुस्तीचे लेखही आहेत म्हणता ना? मग १३४२मध्ये त्यांनी पडका घुमट पडका ठेवला नाही, बांधला. आणि आपण केलं तेही कोरून ठेवलं. आपण तेच करू, नव्या चिऱ्यावर नवं साल घालून.

चिरेबंदी

हे मात्र बिनतोड आहे. साल घालणार असाल तर माझा निम्मा विरोध संपला.

तात्या_ठाणेकर

मंजिरीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आपल्या ठाण्याचीच गोष्ट, पण अगदी उलटी. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांत तोलेंतिनोचा थॉमस. त्यांच्याबरोबर आलेला जोर्दानुस तेव्हा ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला, त्याची पत्रं आहेत. थोड्याच काळाने ओडोरिक नावाचा साधू ठाण्याला आला, त्याने त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेल्या. तो लिहितो की ठाण्यात नेस्टोरियन (पर्शियाकडच्या पूर्वेच्या चर्चच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती आणि हे साधू त्यांच्याकडेच उतरले होते. त्याआधी सहाव्या शतकात कॉस्मस हा व्यापारी लिहून गेलाय की कल्याणला पर्शियातून नेमलेला बिशप आहे.

अनीत भिंत आहे आणि भिंतीवर लेख आहे. ठाणे-कल्याणला कागद आहे, भिंत नाही. शिलाहारांचे ताम्रपट सापडले, शिलालेख सापडले, पण त्या पंधरा घरांच्या प्रार्थनास्थळाचा एक चिरा दाखवता येत नाही. खाडीकाठी पाया खणताना निघालेला जुना दगड कुणी बघतसुद्धा नाही, ट्रकमध्ये भरून भरावाला जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोंयकार

तात्या, गोव्यात एक दगड मिळालाय. २००१मध्ये आगशीजवळ जुवारीच्या काठी क्रूस सापडला, त्यावर पहलवी लिपीत लेख आहे. केरळात असे क्रूस आहेत, चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर आहे. पोर्तुगीज येण्याआधी पर्शियाशी नातं असलेले ख्रिस्ती इथे होते, याचा हा पुरावा हातात धरता येतो.

अवंतीताईंनी तिग्रानच्या चर्चमधल्या चित्रांचा उल्लेख केला. त्या चित्रांवरची नावं जॉर्जियन लिपीत आहेत. बाहेर आर्मेनियन, आत जॉर्जियन! आणि जॉर्जियाचं गोव्याशी नातं आहे ते केतेवान राणीमुळे. शाह अब्बासने १६२४मध्ये शिराझला तिचा छळ करून वध केला, ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष १६२७मध्ये जुन्या गोव्यात आणले. पुढे मठ ओस पडला, १८४२मध्ये चर्चचं छत कोसळलं. कागदपत्रांत खूण एवढीच की मठाच्या सभागृहात अमुक खिडकीजवळ दगडी पेटी. पुरातत्त्व खात्याने तो मलबा उपसला, हाड मिळालं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासलं, आणि २०२१मध्ये तो अवशेष भारताने जॉर्जियाला दिला. हे अनीपेक्षा खूप नंतरचं, मान्य. पण ढिगाऱ्यात अजून किती काही वाचायचं शिल्लक असतं ते सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

खार्तूमवाला

बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त सुदानमध्ये होतो, म्हणून नुबियाबद्दल लिहितो. आफ्रिकेत नाईलच्या काठी शेकडो वर्षं ख्रिस्ती राज्यं नांदली हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. फरस इथलं कथेड्रल वाळूखाली गेलेलं होतं. आस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढणार म्हणून १९६१ ते ६४मध्ये पोलिश पथकाने मिखावोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली ते खणलं. शंभराहून जास्त भित्तिचित्रं निघाली, ती कापून काढली, निम्मी आज वॉर्सात, बाकीची खार्तूमला. जागा पाण्याखाली गेली.

पण तुमच्या विषयाचा भाग असा की तिथे भिंतीवर ग्रीकमध्ये २७ बिशपांची यादी मिळाली, बहुतेकांनी किती वर्षं पद सांभाळलं त्यासह. चित्रांमध्ये एका बिशपाचं नाव पेत्रोस, यादीतही पेत्रोस. त्यावरून त्याचा काळ दहाव्या शतकाच्या शेवटी येतो, आणि मग त्याच्या आधीच्या व नंतरच्या थरांतली चित्रंही ओळीने लावता आली. यादी नसती तर उरली असती फक्त सुंदर चित्रं. बांधकामाच्या ग्रीक आणि कॉप्टिक लेखांत तर थेट साल मिळतं, ७०७.

आणखी दक्षिणेला बंगानार्ती. तिथल्या चर्चच्या भिंतींवर यात्रेकरूंनी आपली नावं खरवडून ठेवलीत, शेकड्यांनी. त्यातलं एक प्रोव्हांसाल भाषेत, बेनेसेक नावाच्या माणसाचं. दक्षिण फ्रान्सकडचा कुणीतरी नाईलच्या इतक्या आत राफेल देवदूताच्या पाया पडायला आला होता! आपण देवळाच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना शिव्या घालतो (घालायलाच हव्यात), पण बेनेसेकने ते केलं नसतं तर तो आला होता हे कुणालाही कळलं नसतं.

नुसता_वाचक

खार्तूमवाला, बेनेसेकबद्दल धन्यवाद. दिवसभर डोक्यात तोच आहे.

एक शंका. सगळे लेख दानाचे आणि मालमत्तेचेच का? धर्माबद्दल, श्रद्धेबद्दल काही नाही?

पंढरीचा_वाटसरू

दानातच श्रद्धा आहे ना! आर्मेनियन लेखांत बहुधा पुढचा भाग असतो तो हाच: मी अमुक शेत दिलं, त्याबदल्यात मठातले साधू दरवर्षी या सणाला माझ्या नावाने, माझ्या आईवडिलांच्या नावाने प्रार्थना करतील. दिवसांची संख्या ठरलेली. दात्याला आपल्या आत्म्याची काळजी आहे आणि साधूंना वर्षाच्या धान्याची, दोन्ही एकाच वाक्यात येतात.

अवंती_म्युनिक

आणि कर! कथेड्रलच्या भिंतीवर आरोन नावाच्या बायझंटाइन अधिकाऱ्याचा लेख आहे, थिओडोरा सम्राज्ञीच्या कारकिर्दीतला, १०५५-५६. तट उंच केला, शहरात पाणी आणलं, कर माफ करवून आणले, हे त्यात आहे. मानुचिहर मशिदीच्या भिंतीवर इलखान (इराणचा मंगोल राजा) अबू सईदच्या नावाचा फारसी लेख आहे, बेकायदा कर उकळू नका म्हणून. राज्य ख्रिस्ती असो की मंगोल, लोकांना कळावं अशी जागा एकच, प्रार्थनेला गर्दी होते ती भिंत.

ललित_ना

म्हणजे चर्चची भिंत हेच शहराचं गॅझेट. कर माफ झाला की तसंच कोरायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी बिल येतंच.

मंजिरी_कोथरूड

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. शेखर आणि चिरेबंदी, तुमच्या वादातून मला रिडीमरकडे बघायची दृष्टी मिळाली.

आता परत माझ्या पहिल्या प्रश्नावर येते. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना फार चढउतार नको. क्रम कसा ठेवू? आणि उजेड कधीचा चांगला?

अवंती_म्युनिक

सिंहद्वारातून आत शिरलीस की डावीकडून सुरुवात कर. आधी रिडीमर, वाट सपाट आहे. मग तिग्रान होनेन्त्स: इथे उतरावं आणि परत चढावं लागतं, आईबाबांना वर बसव आणि तू एकटी जा, पण जा. तिथून कथेड्रल. स्म्बात राजाने ९८९मध्ये सुरू केलेलं, गागिकची राणी कात्रानिदे हिने १००१मध्ये पूर्ण केलेलं, आणि हे तिच्याच लेखात दक्षिण भिंतीवर आहे. स्थपती त्रदात, हागिया सोफियाचा भूकंपात पडलेला घुमट दुरुस्त करणारा तोच. वायव्य कोपरा १९८८च्या भूकंपात ढासळलाय, तिकडे कठडे असतील तर ओलांडू नकोस. पुढे मानुचिहर मशीद. बाबा थकले तर तिथेच थांबा, नदीचं खोरं छान दिसतं. दम असेल तर परतताना सेंट अपोस्टल्स चर्चच्या दालनाची दर्शनी भिंत बघ, तिथेही करसवलतींचे लेख आहेत.

उजेड सकाळचा किंवा उतरत्या उन्हाचा. ऊन भिंतीला घासून आलं की अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि झिजलेला लेखही उठून दिसतो. भर दुपारी तोच लेख सपाट वाटतो.

पंढरीचा_वाटसरू

ढगाळ दिवस असेल तर छोटी विजेरी बाजूने तिरकी धरा. आणि कृपा करून खडू, पीठ, पाणी काही चोळू नका. आपल्याकडे गधेगाळांना शेंदूर फासून आणि लेखांत चुना भरून किती मजकूर आपण घालवलाय, ते मी गावोगाव बघत आलोय. फोटो मात्र भरपूर काढा, प्रत्येक चिऱ्याचा वेगळा, समोरून.

चिरेबंदी

आणि फोटो काढताना बाजूला मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवा. दहा वर्षांनी एखादा चिरा गेला तर तोच फोटो कामी येतो. जवळच दिगोरकडे ख्त्स्कोंक मठ आहे, जुन्या फोटोंत पाच चर्चं दिसतात, आज उभं आहे ते एकच, सेंट सर्गिस. बाकी चारांचं जे काही कळतं ते त्या फोटोंतून आणि उतरवून घेतलेल्या लेखांतून.

खार्तूमवाला

मंजिरी, जाण्याआधी अक्षरांची ओळख हवी असेल तर एक सुचवतो. चेन्नईला आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२चं आर्मेनियन चर्च आहे, आवारभर आर्मेनियन लेखांची थडगी. १७९४मध्ये जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' मद्रासेत काढणारे हारुत्युन श्मावोन्यान तिथेच पुरलेत. अक्षरं नंतरची असली तरी लिपी तीच. मुंबईतही फोर्टात मेडोज स्ट्रीटवर १७९६मध्ये स्थापन झालेलं सेंट पीटर्स आहे.

मंजिरी_कोथरूड

चेन्नईला मावशी असते! पुढच्या महिन्यात तिच्याकडे जाणारच आहे. आकड्यांची अक्षरं आधी पाठ करते, म्हणजे थडग्यांवरची सालं लावून बघता येतील. अवंतीताई, तिग्रानच्या लेखाच्या अनुवादाची ती प्रत मला खासगी निरोपातून पाठवाल का?

अवंती_म्युनिक

आज रात्री पाठवते.